लाइट गेली तर?

काकांचे भिवंडीत बारा माग होते. सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की पहिली रात्र खटखटीने झोप यायची नाही, आणि तिसऱ्या रात्रीपासून खटखट नसेल तर झोप यायची नाही. मध्येच कधीतरी सगळे माग एकदम गप्प व्हायचे आणि त्या शांततेनेच घर जागं व्हायचं. लाइट गेलेली असायची. काका बॅटरी घेऊन कारखान्यात जायचे. एखाद्या मागावर धोटा अर्ध्या वाटेत अडकलेला, ताण्याचे धागे अर्धे वर, अर्धे खाली. लाइट आली की माग तिथूनच पुढे चालू करता यायचा, पण जिथे तो थांबला होता तिथे कापडावर आडवी रेघ उमटायची. बाण्याचे धागे तिथे जरा दाट नाहीतर जरा विरळ बसायचे. व्यापारी ताका उजेडात धरून नेमकी ती रेघ शोधायचा आणि पैसे कापायचा. लाइट गेली होती, या सबबीला त्याच्या वहीत रकाना नव्हता.

कृत्रिम हृदयाच्या बातम्या वाचताना मला ती रेघ आठवते. जून २०२१ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीने आपला एचव्हीएडी हा हृदयाचा पंप बाजारातून काढून घेतला. कारणं दोन होती. या पंपाच्या रुग्णांमध्ये पक्षाघातासारखे मेंदूचे झटके दुसऱ्या पंपाच्या मानाने जास्त दिसत होते. आणि पंप थांबला तर काही वेळा तो पुन्हा चालू व्हायला उशीर लागे किंवा तो चालूच होत नसे. माग थांबला तर रेघ पडते, पंप थांबला तर रक्त साकळतं. जगातल्या उत्तमोत्तम अभियंत्यांनी घडवलेलं यंत्र जिथे अडलं, ती जागा काकांना अंधारात बॅटरी मारून दाखवता आली असती.

पंप छातीत बसतो हे अर्धंच खरं आहे. उरलेला अर्धा पंप छातीबाहेर असतो. तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतो, रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या कानात असतो, घरापासून रुग्णालयापर्यंतच्या रस्त्यावर असतो, आणि प्रतीक्षायादी नावाच्या त्या न दिसणाऱ्या रांगेत असतो. आपल्याकडची चर्चा मात्र छातीच्या आतच अडकून बसली आहे. ऑपरेशन झालं, पेढे वाटले, डॉक्टरांबरोबरचा फोटो छापून आला, की बातमी संपते. रुग्णाच्या घरी ती तिथून सुरू होते.

थोडं यंत्राविषयी. ‘कृत्रिम हृदय’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी वावरतात. एकीत हृदयाचे खालचे दोन्ही कप्पे कापून काढतात आणि त्या जागी यंत्र बसवतात. हे खरंखुरं कृत्रिम हृदय, आणि ते फार थोड्यांना बसवलं गेलं आहे. दुसरीत मूळ हृदय जागच्या जागी राहतं. त्याच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या टोकाला एक छोटा पंप जोडतात, तो कप्प्यातलं रक्त ओढून महाधमनीत ढकलतो. डॉक्टर याला एलव्हीएडी म्हणतात. पोटाच्या कातडीतून एक तार बाहेर येते, ती कमरेच्या नियंत्रकाला जाते, तिथून दोन बॅटऱ्यांना. ‘हार्टमेट ३’ या सध्याच्या पंपात आतलं चक्र चुंबकीय बळावर तरंगत मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेतं, ते कशाला टेकत नाही, घासत नाही. रक्त ठोक्याठोक्याने जात नाही, नळाच्या धारेसारखं सलग वाहतं. त्यामुळे पुष्कळ रुग्णांची नाडी हाताला लागतच नाही.

आपल्या भाषेने हृदयाच्या शरीरशास्त्राची कधी फारशी पर्वा केलेली नाही. कवितेत काळीज म्हणजे हृदय, मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, आणि दोन्हीकडे गिऱ्हाईक समाधानी. पण ठोक्याबाबत भाषा ठाम आहे. छाती धडधडते, काळजाचा ठोका चुकतो, आणि नाडी सापडत नाही म्हणजे सगळं आटोपलं. पंपवाल्या माणसाला कल्याण नाक्यावर चक्कर आली आणि गर्दीतल्या एखाद्या जाणत्याने त्याचं मनगट धरलं, तर तो जाणता काय निदान करेल? हा विनोद नाही. अशा रुग्णाचा रक्तदाब नेहमीच्या यंत्राने बहुतेक वेळा नीट मोजता येत नाही, त्याला डॉपलर नावाचं वेगळं यंत्र लागतं. म्हणजे यंत्राबरोबर आजूबाजूच्या माणसांनाही जिवंतपणाची नवी खूण शिकवावी लागते.

आता रांगेविषयी, कारण खरा वाद तिथे आहे. या पंपांना इंग्रजीत पूल म्हणतात: आजारी हृदय या काठावर, दान मिळालेलं हृदय त्या काठावर, मध्ये हा पूल. उपमा चांगली आहे, फक्त तिच्यात पलीकडचा काठ आहे असं गृहीत धरलेलं आहे.

मुंबईत तो काठ दिसला आणि पुन्हा जवळजवळ अर्धशतक दिसेनासा झाला. केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी माणसाचं हृदय माणसाला बसवलं. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच केलं. जगातल्या अगदी पहिल्या काही हृदयप्रत्यारोपणांपैकी ते एक होतं. रुग्ण जेमतेम तीन तास जगला. गिरण्यांच्या भोंग्यांवर घड्याळ लावणाऱ्या परळमध्ये, सरकारी-पालिकेच्या खाटांवर हे घडत होतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण त्या वेळी आपल्या कायद्यात मेंदूमृत्यू ही कल्पनाच नव्हती. हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले तेच मुळी ऑगस्ट १९६८ मध्ये, आणि आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला १९९४ साली. मुंबईत हृदयप्रत्यारोपण यशस्वी झालं ते ऑगस्ट २०१५ मध्ये. मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते केलं. हृदय पुण्याहून आलं होतं आणि रुग्ण होता बदलापूरचा एक विशीतला तरुण. १९६८ ते २०१५ म्हणजे ४७ वर्षं. या काळात शल्यविशारदांचे हात काही थिजले नव्हते. कायदा, रुग्णालयांमधला समन्वय, आणि आपलं माणूस गेलंय हे मॉनिटरवर हिरवी रेघ उड्या मारत असताना मान्य करणारं कुटुंब, हा सगळा काठ बांधायला तेवढा वेळ लागला.

पुलाची सुरुवातही पाहण्यासारखी आहे. ४ एप्रिल १९६९ रोजी ह्यूस्टनमध्ये डेंटन कूली यांनी प्रथमच एका माणसाच्या छातीत संपूर्ण कृत्रिम हृदय बसवलं, दात्याचं हृदय मिळेपर्यंतची सोय म्हणून. मग काय झालं? रुग्णाच्या बायकोने जाहीर आवाहन केलं, कुणीतरी हृदय द्या. सुमारे ६४ तासांनी ते मिळालं, बसवलं, आणि दीडेक दिवसात रुग्ण गेला. यंत्र मूळचं आपल्या प्रयोगशाळेतलं, असं दुसरे हृदयशल्यविशारद मायकेल डीबेकी यांचं म्हणणं होतं, आणि त्यावरून त्यांच्यात आणि कूली यांच्यात जो अबोला झाला तो जवळजवळ चाळीस वर्षं टिकला. भाऊबंदकी ही काही आपलीच मक्तेदारी नाही. पण मला त्या बाईंचं आवाहन महत्त्वाचं वाटतं. यंत्राने पहिल्याच दिवशी जे निर्माण केलं ते हृदय नव्हतं, मागणी होती.

साधा हिशेब करून पाहा. समजा एका वर्षात दहा जणांना हृदय हवं आहे आणि हृदयं मिळणार आहेत तीन. पंप नसेल तर तिघं वाचतील, सात जण जातील. आता दहाही जणांना पंप बसवा. तिघांना हृदय मिळालं, सात जण पंपावर जिवंत आहेत. उत्तम. पुढच्या वर्षी नवे दहा आले. रांगेत सतरा, हृदयं तीन. त्याच्या पुढच्या वर्षी रांगेत चोवीस, हृदयं तीनच. पंपाने हृदयांची संख्या एकानेही वाढत नाही. वाट पाहताना मूत्रपिंड, यकृत सुधारतात, मिळालेलं हृदय वाया जाण्याचा धोका कमी होतो, हे खरं. तरीही रांगेच्या दृष्टीने पंप करतो ते एवढंच, की कोण उभं राहू शकेल हे ठरवतो. आणि आपल्याकडे पंप, ऑपरेशन, रुग्णालय मिळून खर्च कोटीच्या घरात जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं आहे. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे तेवढ्या रुंदीचा हा पूल आहे.

रांगेचा नियम किती ताकदवान असतो, हे अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये पाहिलं. तिथे हृदयासाठीच्या यादीची नव्याने सहा पायऱ्यांत विभागणी झाली. घरी जाऊन बऱ्यापैकी राहणारे पंपवाले चौथ्या पायरीवर गेले आणि अतिदक्षता विभागात महाधमनीतल्या तात्पुरत्या फुग्यावर किंवा तात्पुरत्या पंपावर असलेले दुसऱ्या पायरीवर आले. लगेच तात्पुरते फुगे बसवण्याचं प्रमाण वाढलं आणि प्रत्यारोपणासाठी थांबलेल्यांना कायमच्या धाटणीचा पंप बसवणं कमी झालं. रुग्णांची हृदयं एका रात्रीत बदलली नव्हती, नियम बदलला होता. कुठलं यंत्र छातीत जायचं हे केवळ छाती तपासून ठरतं, असं समजणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. रांग सरकत नसेल तर लोक पुलावरच राहायला लागतात. आणि पंप आता तेवढे चांगले झाले आहेत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या रीमॅच चाचणीत जुन्या धडधडत्या पंपाच्या रुग्णांपैकी वर्षभरानंतर निम्मे हयात होते, नुसत्या औषधांवरच्या रुग्णांपैकी पाव. दोन वर्षांनी पंपवालेही चौथा हिस्साच उरले. आजच्या ‘हार्टमेट ३’चे पाच वर्षांनंतरही निम्म्याहून अधिक, शंभरात सुमारे ५८ रुग्ण हयात असतात. ज्यांच्यावरून हा आकडा निघाला त्यांत प्रत्यारोपणाची वाट पाहणारे होते तसे त्याची आशाच नसलेलेही होते. संपूर्ण कृत्रिम हृदयही मागे नाही. डॅनियल टिम्स हा ऑस्ट्रेलियन अभियंता प्लंबर बापाबरोबर हार्डवेअरच्या दुकानातले पाइप आणून रक्ताभिसरणाचं मॉडेल जोडत बसायचा. बाप हृदयविकारानेच गेला. टिम्सचं बायव्हॅकॉर हे एकाच फिरत्या चकतीचं हृदय नोव्हेंबर २०२४ मध्ये सिडनीत एका माणसाला बसवलं. तो ते घेऊन घरी गेला, शंभरहून अधिक दिवस जगला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला दात्याचं हृदय मिळालं. पुलावरच घर ही आता कल्पना नाही. मग घर म्हटलं की घराचे प्रश्न आले.

भिवंडीतलं घर घ्या. पद्मानगरमधली एखादी दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, शेजारी माग. पंपाच्या बॅटऱ्यांची जोडी पूर्ण भरली तर जास्तीत जास्त सतराएक तास चालते. दिवसा बॅटरीवर हिंडायचं. रात्री मात्र भिंतीच्या सॉकेटला जोडून झोपायचं, कारण झोपेत बॅटरी संपल्याचं कळणार नाही. एका बोर्डावर पंखा, टीव्ही, मोबाइलचे तीन चार्जर, आणि आता माणूस. बोर्डाला पांढरी पट्टी चिकटवून ‘बंद करू नये’ लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती पट्टी कुठल्या भाषेत लिहायची? या शहरात मराठी आहे, उर्दू आहे, पूर्वेकडून आलेल्या कामगारांची भोजपुरी आहे, पद्मशाली विणकरांची तेलुगू आहे. नियंत्रकाचा इशारा वाजला तर कुठला दिवा कशाचा, हे त्या घरातल्या बाईला झोपेतून उठून समजलं पाहिजे. बाई म्हणतो, कारण शेजारी झोपणारं माणूस बहुतेक वेळा आई किंवा बायकोच असतं. तिला तार जिथून बाहेर येते ती जागा निर्जंतुक हातांनी रोज पुसायची आहे, त्या कोकणी घामट हवेत आणि कापसाचे तंतू उडत असलेल्या गल्लीत. पंपाच्या रुग्णांना सर्वांत जास्त छळणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे त्या जागेचा जंतुसंसर्ग. रक्त साकळू नये म्हणून वॉरफरिन चालू, म्हणून सतत रक्ताची तपासणी, म्हणून भाजीचाही हिशेब: आज घरात मेथीची जुडी आली आणि पुढचे आठ दिवस नाही, असं चालत नाही, हिरव्या पालेभाजीने औषधाचं माप हलतं. बादलीतून तांब्याने भसाभस अंघोळ बंद. उरलेल्या वेळात तिने बिड्या वळायच्या, कांड्या भरायच्या, की फक्त तारेकडे बघत बसायचं, हे कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

आणि लाइट. २००७ च्या जानेवारीपर्यंत भिवंडीचं वीजवितरण सरकारी कंपनीकडे होतं, मग ते टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून गेलं. देशातला हा या प्रकारचा पहिला मोठा प्रयोग. त्याआधीच्या भारनियमनाच्या आठवणी ज्यांच्याकडे आहेत, त्यांना आजची स्थिती बरी वाटते. बिलांवरून भांडणं आहेत, ती वेगळी. पण बरी म्हणजे किती? १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली, लोकल रुळांवर उभ्या राहिल्या. बिघाडाच्या साखळीत ज्या उच्चदाब वाहिन्या होत्या त्यांतली एक कळवा–पडघा. पडघा हे भिवंडी तालुक्यातलंच गाव. कुठे दोन-तीन तासांत, कुठे संध्याकाळपर्यंत वीज आली. बॅटऱ्या भरलेल्या असतील तर पंपवाला त्यातून सहज तरला असता. रात्रभर सॉकेटवर झोपून सकाळी बॅटऱ्या भरायला लावायच्या राहिल्या असतील, तर नाही. ऑस्ट्रेलियात घरी जीवरक्षक यंत्र असलेल्या ग्राहकाची वीज कंपनीकडे नोंद असते आणि ठरवून वीज बंद करायची असेल तर त्याला आगाऊ कळवणं कंपनीवर बंधनकारक असतं. हे करायला चुंबकावर तरंगणारं चक्र लागत नाही. एक रकाना लागतो.

इथे कुणी म्हणेल, आणि म्हणतातच, की मग हा सगळा श्रीमंती थाट आहे. भिवंडीसारख्या शहराने तो मागूच नये, त्या पैशात कितीतरी जणांची साधी औषधं होतील. हा युक्तिवाद मला मोहात पाडतो, कारण त्याचा अर्धा भाग बरोबर आहे. कोंदट खोल्यांत दाटीने राहणाऱ्या मुलांचा घसा दुखतो, मग सांधे सुजतात, मग हृदयाच्या झडपा खराब होतात. संधिवाताच्या तापाचा हा प्रवास दर तीन-चार आठवड्यांनी दिलेल्या बेंझाथिन पेनिसिलिनच्या सुईने रोखता येतो. कोटीच्या पंपाशी या सुईची तुलना करायचीच झाली तर सुई जिंकते, वाद नाही. पण प्रत्यारोपणाच्या यादीवरच्या पुष्कळांचा आजार झडपांचा नसतो, स्नायूचा असतो. विषाणूने ढिल्या पडलेल्या हृदयाचा पंचविशीतला कामगार, बाळंतपणानंतर हृदय ताणलं गेलेली पोरगी. यांचे आजार सुईने टाळता आले नसते. त्या पोरीच्या बाबतीत तर कधी कधी पंपाच्या आधाराने मूळ हृदयच सावरतं आणि पंप काढून टाकता येतो. गरिबाला स्वस्त आजारच व्हावेत, असा नियम निसर्गाने केलेला नाही. तो आपण करू पाहतो, आणि वर त्याला प्राधान्यक्रम म्हणतो.

‘महाग’ हा शब्दही काही देवाने लिहून पाठवलेला नाही. १९७०-८० च्या दशकांत हृदयाची परदेशी झडप आपल्या सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि जी. एस. भुवनेश्वर यांनी देशी झडप करायला घेतली. तीन नमुने फसले. चौथा डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवला, आणि त्यानंतर टीटीके चित्रा झडप लाखाहून अधिक रुग्णांना लागली, परदेशी झडपेपेक्षा कितीतरी स्वस्तात. आज कानपूरच्या आयआयटीत ‘हृद्यंत्र’ नावाने देशी पंपावर काम चालू आहे. त्यांनाही तीनदा फसायची मुभा मिळायला हवी. मात्र पंप स्वस्त झाला म्हणजे प्रश्न सुटला असं धरून चालू नये. वरचा दहा-तीनचा हिशेब पंपाच्या किमतीवर अवलंबून नव्हता. फुकट पंपानेही रांग तेवढीच लांबते.

म्हणून माझं म्हणणं असं, की सरकारी पैशातून पंप जरूर घ्यावेत, पण पलीकडचा काठ बांधण्याच्या खर्चाला जोडून. २०२३ साली देशात मरणोत्तर अवयवदाते हजाराच्या थोडे वर गेले, १,०९९. दहा लाख लोकसंख्येमागे एकही नाही. स्पेनमध्ये पन्नासच्या आसपास. आपल्या दात्यांकडून मिळणारी हृदयं वर्षाला दोन-अडीचशे. आपण हे नेहमी लोकांच्या माथी मारतो: अंधश्रद्धा, अज्ञान, जनजागृती, पथनाट्य. मुंबई–नाशिक महामार्ग भिवंडीच्या अंगावरून जातो. त्यावर डोक्याला मार लागलेला माणूस मेंदूमृत आहे, हे ठरवायला त्याला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासावं लागतं, आणि मग कुणीतरी नातेवाइकांशेजारी बसून, घाई न करता बोलावं लागतं. हे होईपर्यंत घरच्यांना विचारण्याची वेळच येत नाही, होकार-नकार दूरच राहिला. कुणी न विचारलेल्या प्रश्नाला लोकांनी नकार दिला असं आपण मोजतो. एका पंपाच्या पैशात असं बोलायला शिकलेली किती माणसं जिल्ह्याच्या रुग्णालयांत वर्षभर ठेवता येतील, हा हिशेब मला आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात वाचायला आवडेल. आणि सरकारी पैशाचा पंप कुणाला, पंप बसल्यावर यादीतलं त्याचं स्थान काय, ते बदलतं कधी, हे मराठीत छापून रुग्णालयाच्या भिंतीवर लावलेलं असावं. देणारा बहुतेक वेळा साधा माणूस असतो आणि घेणारा महागड्या रुग्णालयातला, अशी कुजबूज आहेच. ती थांबवायला भाषण उपयोगी पडत नाही, यादी पडते.

आणखी एक गोष्ट, जी घरात कुणी काढत नाही. १९८२ साली, म्हणजे ज्या वर्षी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यांचं काम भिवंडीच्या मागांकडे वळलं त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये अमेरिकेत युटा इथे बार्नी क्लार्क या निवृत्त दंतवैद्याला जार्विक–७ हे कृत्रिम हृदय बसवलं. फ्रिजएवढ्या यंत्राला नळ्यांनी बांधलेला तो माणूस ११२ दिवस जगला. यंत्र बंद करण्याची किल्ली त्याला देऊन ठेवली होती. आपल्याकडे पंपावरच्या रुग्णाला मोठा पक्षाघात झाला, प्रत्यारोपणाची आशा संपली, तर काय? जीवरक्षक उपचार थांबवण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मोकळा केला आहे. त्याआधी २०११ मध्ये ज्या खटल्याने तो विषय देशापुढे आणला, त्यातली परिचारिका अरुणा शानबाग त्याच परळच्या केईएममध्ये ४२ वर्षं खाटेवर होती. पण पुलाच्या कागदांवर सही करताना ‘पलीकडे जाता आलं नाही तर’ हे पान उघडलं जातं का? भिवंडीतल्या त्या खोलीत किल्ली नसते, बोर्ड असतो, आणि त्याच्यापुढे रात्री दोन वाजता उभी असते ती बायको.

आता चांगली शक्यता धरू. सगळं जुळलं. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी फोन आला, हृदय मिळालंय, या. काढलेलं हृदय बर्फात चारेक तासच टिकतं, म्हणून त्याच्यासाठी पोलीस ग्रीन कॉरिडॉर करतात, सिग्नल थोपवतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात किती किलोमीटर किती मिनिटांत कापले ते येतं. त्याच वेळी ज्याच्या छातीत ते बसायचं आहे तो माणूस अंजूरफाट्यावरून निघालेला असतो. पुढे गोदामांचे कंटेनर, काशेळीच्या पुलापर्यंत लागलेली रांग, रिक्षावाला इंजिन बंद करून मागे वळून विचारतो, पेशंट आहे का. बायको पिशवीत हात घालून जास्तीची बॅटरी चाचपते आणि नियंत्रकावरचे हिरवे दिवे मोजते. चार आहेत.